न पाहिलेलं झाड

मी चित्रकला शिकले कोल्हापुरात आणि चित्रं काढून पगार मिळवला तो गुडगावात. त्या नोकरीत जे घडलं ते मी आजवर कुणाला सलग सांगितलेलं नाही. नवऱ्याला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. मुलगी तेव्हा चौथीत होती, तिला फारसं आठवत नाही.

आमच्या कलाशाळेत वास्तववादी चित्रणाचा मोठा दबदबा होता. आम्हाला शिकवणारे सर बुटके, तिरसट आणि डोळ्यांत तेल घालून बघणारे होते. पहिल्या वर्षी त्यांनी आमच्यासमोर एक पोचे आलेलं जर्मनचं पातेलं ठेवलं आणि महिनाभर तेच काढायला लावलं. कुणी सुबक काढलं की पातेल्यावर अंगठा टेकवून विचारायचे, "इथं पोचा आहे. तो कुठं गेला तुझ्या चित्रात?" स्केच झालं की कोपऱ्यात तारीख, जागा आणि वेळ लिहायची सक्ती होती. सही त्यानंतर. "तू तिथं होतीस, हे त्यावरनं कळतं," ते म्हणायचे.

कलेच्या इतिहासाच्या तासाला त्यांनी एकदा सांगितलं होतं की दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या काही चित्रकारांनी देवदेवता आणि राजेराण्या बाजूला ठेवल्या आणि खडी फोडणारी, शेतात वाकलेली माणसं भल्या मोठ्या कॅनव्हासवर काढली. बघायला आलेले लोक चिडले. "का चिडले असतील?" सरांनी विचारलं. मी म्हटलं, "चित्रं वाईट असतील." सर हसले नाहीत. "चित्रं चांगली होती, म्हणून चिडले. ती माणसं रोज दिसत होतीच की. पण अशी बघावी लागली नव्हती."

लग्न होऊन दिल्लीला आले तेव्हा हे सगळं माझ्याबरोबर आलं. नवरा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. आर. के. पुरममध्ये दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर, मागे पेरूचं झाड, शेजारी एक बंगाली आणि एक गढवाली कुटुंब. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी माझी चित्रं गुंडाळून एका गॅलरीत दाखवायला नेली. भाजीवालीचे हात, बसस्टॉपवर झोपलेला चपराशी, आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला. गॅलरीच्या बाईंनी एकेक चित्र शांतपणे पाहिलं आणि चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच मला उत्तर कळलं होतं.

"हाथ बहुत अच्छा है आपका," त्या म्हणाल्या. "लेकिन ये सब तो हो चुका है ना? अब इसमें कुछ कहने को बचा नहीं."

ज्यांना माझ्या हाताची गरज होती ते भलतेच लोक निघाले. नव्वदचं दशक निम्मं सरत आलं होतं. दिल्लीच्या दक्षिणेला, विमानतळाच्या पलीकडे, मोहरीची शेतं भराभर विकली जात होती आणि रविवारच्या इंग्रजी पेपरात पानभर जाहिराती येत होत्या. इमारती अजून उभ्या नव्हत्या. ज्या इमारती नाहीत त्या लोकांना दाखवायच्या कशा? त्यासाठी बिल्डरांना चित्रकार हवे होते, आणि तेही जसंच्या तसं काढू शकणारे. एका बिल्डरच्या ऑफिसात मला दुसऱ्याच दिवशी ठेवून घेतलं.

धौला कुआँवरून बस पकडून मी गुडगावला जायची. ऑफिस साइटवरच होतं, एका तात्पुरत्या बांधलेल्या, आत एसी लावलेल्या बैठ्या इमारतीत. आर्किटेक्टकडून नकाशे यायचे. त्यांवरून मी इमारतीचं चित्र उभं करायचं, बटर पेपरवर मांडणी करून मग जाड बोर्डावर पोस्टर कलरमध्ये रंगवायचं. काचा चमकल्या पाहिजेत, सावल्या नेमक्या कोनात पडल्या पाहिजेत. मार्केटिंगचे साहेब पंजाबी होते, बोलायला गोड. माझ्या खांद्यावरून वाकून म्हणायचे, "मैडम, एकदम रियल लगना चाहिए. ग्राहक को लगे, बस चाबी लेनी बाकी है."

मग यादी सुरू व्हायची. झाडं मोठी हवीत. विजेच्या तारा नकोत. शेजारच्या गावातली शेणाच्या गोवऱ्यांची रास नको. फिरायला निघालेली माणसं हवीत, पण गोरी, सडपातळ, टेनिसची रॅकेट घेतलेली. साइटच्या मागे गावाचं एक डबकं होतं, हरियाणात त्याला जोहड म्हणतात. त्यात म्हशी डुंबत. साहेब म्हणाले, "इसको लेक बना दीजिए." मी म्हशी काढून टाकल्या, पाणी निळं केलं, काठाने दगडी बाक मांडले आणि एक पांढरं बदक सोडलं. बदकाचं प्रतिबिंब मी फार निगुतीनं काढलं होतं. त्या चित्रावर माझं नाव नव्हतं, पण ते माझं आहे हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "आज तळं काढलं."

"आहे का तिथे तळं?"

"होईल म्हणतात."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि बातम्या बघायला लागला. मला बरं वाटलं नाही, पण तेव्हा एवढंच.

जेवणाच्या सुट्टीत मी वही घेऊन बाहेर पडायची. चार पूर्ण झालेल्या मजल्यांवर पाचवा चढत होता. बाहेरून बांबू-बल्ल्या दोरीनं बांधून परांची उभी केली होती आणि तिच्यावरून बायका विटा आणि घमेली वर चढवत होत्या. मजूर बहुतेक सगळे टीकमगढकडचे, बुंदेलखंडातले. कोरड्या विटा रचून, वर प्लास्टिक टाकून केलेल्या झुग्ग्यांत राहायचे. ऑफिसात दिवसभर नसलेल्या गोष्टी काढल्यावर अर्धा तास असलेल्या गोष्टी काढणं हे मला औषधासारखं लागायला लागलं.

त्या बायकांत एक होती, पंचविशीची असेल. पुढचा एक दात अर्धा तुटलेला. मी काढत असले की बाकीच्या लाजून पदर ओढायच्या, ही थेट येऊन वहीत डोकवायची. तिचा नवरा गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. त्यांची लहान मुलगी गावी आजीकडे होती. हे सगळं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं आणि मग म्हणाली, "दाँत पूरा बना दो ना."

"टूटा है तो टूटा ही बनेगा," मी म्हटलं.

ती हसली. हसली की तो दात आणखी दिसायचा. मी तो तसाच काढला आणि मला माझाच अभिमान वाटला.

दोन-तीन आठवड्यांनी तिने आणखी एक मागणी केली. "मैडम, एक बार मुझे बैठी हुई बनाओ. आप हमेशा खड़ी बनाती हो, सिर पर ईंट रखके. मैं बैठती भी तो हूँ."

"बाद में," मी म्हटलं. मला ती ओझ्यासकट हवी होती. मान ताठ, डोळे समोर, डोक्यावरच्या चुंबळीवर नऊ विटा. बसलेल्या बाईचं चित्र कुणीही काढेल, असं काहीतरी माझ्या मनात होतं. संध्याकाळी मुलीने वही चाळताना विचारलं, "आई, हिच्या डोक्यावर हा कपड्याचा गोल क्या है?" मी म्हटलं, "चुंबळ." तिने तो शब्द चार-पाच वेळा म्हणून पाहिला आणि खेळायला पळाली.

तिची एकूण अकरा स्केचेस झाली. दहा पेन्सिलीची, जशी दिसली तशी, कोपऱ्यात तारीख, जागा, वेळ. अकरावं कोळशानं काढलेलं, मोठ्या कागदावर, घरी बसून पूर्ण केलेलं. त्या एका चित्रात मी एक गोष्ट केली. तिच्या चेहऱ्यामागे प्रत्यक्षात नुसतं पांढुरकं आभाळ आणि सिमेंटची भिंत होती. त्यावर चेहरा उठून दिसत नव्हता. म्हणून मी मागे एक कडुनिंब घातला, गर्द, काळा. चेहरा लगेच पुढे आला. गाल, तुटका दात, कपाळावरचा घाम, डोक्यावरच्या विटा, सगळं जिवंत झालं. ते माझं तोवरचं सगळ्यात चांगलं चित्र होतं. खाली तारीख, जागा आणि वेळ मी सवयीनं लिहिली.

पुढच्या थंडीत एका सकाळी धुक्यामुळे माझी बस उशिरा पोचली. फाटकापाशी पोलीस उभे होते. परांचीचा एक कोपरा कोसळला होता आणि तीन माणसं खाली आली होती. दोघांचे हातपाय मोडले. ती गेली. हॉस्पिटलपर्यंत पोचलीच नाही. ऑफिसात हीटर चालू होता, सगळे हळू आवाजात बोलत होते. साहेबांनी मला सांगितलं, "मैडम, आज आप घर जाइए. ये सब आपके देखने का नहीं है."

मी खरंच घरी गेले. परत जाताना साइटच्या मागच्या बाजूनं गेले, म्हणजे त्या कोपऱ्यावरून जावं लागणार नाही.

आठवड्याभराने तिचा नवरा आमच्या क्वार्टरच्या दारात उभा राहिला. ऑफिसच्या ड्रायव्हरकडून त्याने पत्ता मिळवला होता. बरोबर एक म्हातारा गृहस्थ होता, फरीदाबादच्या कारखान्यांत उभं आयुष्य काढलेला युनियनवाला. तोच जास्त बोलला. ठेकेदाराचं म्हणणं असं की ती बाई साइटवर कामालाच नव्हती. मस्टरवर तिचं नाव नाही. नवऱ्याला भाकरी द्यायला आली आणि नको तिथे चढली. कामाला नव्हती म्हणजे नुकसानभरपाई नाही. जखमी झालेल्या दोघांना उपचाराचे पैसे देऊन गावी धाडलं होतं आणि तिच्याबरोबरच्या बायकांना दोन दिवसांत कुठल्यातरी दुसऱ्या साइटवर हलवलं होतं. पोटासाठी त्या गेल्या, आणि आता कुणी तोंड उघडायला तयार नव्हतं.

"आपके पास तस्वीरें हैं, ये कहता है," म्हातारा म्हणाला. "काम करते हुए. तारीख के साथ."

मी वही आणून दिली. तिच्या नवऱ्याने जमिनीवर बसून एकेक पान उलटलं. त्याच्या बोटांना सिमेंटनं भेगा पडलेल्या होत्या आणि पानाला डाग लागू नये म्हणून तो फक्त कडा धरत होता. शेवटचं पान झाल्यावर त्याने वर पाहिलं.

"बैठी हुई कोई नहीं?"

मी मान हलवली.

"वो कहती थी, मैडम बनाने वाली हैं."

मी आत जाऊन पाणी आणलं. पाणी आणायला मला जरा जास्तच वेळ लागला.

ते गेल्यावर मी माझ्या नवऱ्याला सगळं सांगितलं. तो कागदांत आयुष्य घालवणारा माणूस, भावनेत वाहून जाणारा नव्हे. मला वाटलं होतं तो नोकरीचा, सरकारी माणसाच्या बायकोने कोर्टकचेरीत पडण्याचा विषय काढेल. त्याने तसं काही केलं नाही. टेबलावर अकराही चित्रं मांडली आणि फाइल तपासावी तशी तपासली. कोळशाच्या चित्रापाशी थांबला.

"हे झाड तिथे आहे?"

"नाही. ते मी चेहऱ्यासाठी घातलंय."

"मग हे नेऊ नकोस. ज्यात जेवढं होतं तेवढंच आहे, तीच दहा ने."

"पण चेहरा यातच नीट ओळखू येतो. बाकीच्यांत ती लांब आहे, पदर आहे, अर्धी पाठमोरी आहे. कुणीही म्हणेल ही दुसरीच बाई."

"असेल. तरी नेऊ नको," तो म्हणाला. "एक कागद खोटा निघाला की अख्खी फाइल खोटी होते."

मी त्याचं ऐकलं नाही. चेहरा ओळखू येतो हे कारण खरं होतं. पण पूर्ण खरं हे की ते माझं सगळ्यात चांगलं चित्र होतं, आणि इतकी वर्षं कुणी न पाहिलेलं माझं काम कुठेतरी उपयोगी पडणार असेल तर ते त्याच चित्रानं पडावं, असं मला वाटत होतं. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

नुकसानभरपाईच्या अर्जावरची सुनावणी गुडगावातच कामगार खात्याच्या एका कचेरीत होती. खोली लहान, भिंतीला लागून लोखंडी कपाटं. अधिकारी मध्यमवयीन, सर्दी झालेला, सारखा रुमाल काढणारा. माणूस वाईट वाटला नाही. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ठेकेदार आणि त्याचा वकील. मागच्या खुर्चीवर आमच्या मार्केटिंगचे साहेब. मला बघून त्यांनी नेहमीसारखी मान लववली.

अधिकाऱ्याने चित्रं पाहिली. कोळशाचं चित्र हातात आल्यावर तो खुर्चीत पुढे सरकला. मग तिच्या नवऱ्याला विचारलं, "यही है?"

"जी साहब. यही है."

त्या क्षणी मला वाटलं की झालं काम. इतकं साधं.

मग वकील उठला. आवाज न चढवता बोलणारा, तरुण. त्याने फाइलमधून आमचं माहितीपत्रक काढलं, गुळगुळीत कागदावरचं, आणि ते माझ्यासमोर ठेवलं. "ये आपने बनाया है?"

"हो. जी."

"ये लेक कहाँ है, मैडम?"

मी कागदावरच्या निळ्या पाण्याकडे पाहिलं.

"ये बतख?"

कुणीतरी हसलं. अधिकाऱ्याने रुमालाआडून पाहिलं. मी म्हटलं की ही जाहिरात आहे, मला सांगितलं तसं मी काढलं. ही स्केचेस वेगळी आहेत, ती मी समोर बसून, डोळ्यांनी बघून काढली आहेत. तारीख, जागा, वेळ लिहिलेली आहे. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा ठाम निघाला. अधिकाऱ्याने मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं.

वकिलाने माहितीपत्रक बाजूला सारलं. मग कोळशाचं चित्र उचलून खिडकीकडे धरलं आणि अगदी सहज, जणू कौतुकानं विचारावं तसं विचारलं, "तो जो इसमें है, सब आपने आँखों से देखा है? ये औरत, ये ईंटें, ये पेड़?"

आजही मला त्या खोलीतला फिनेलचा वास येतो. साइटवर झाडं होती. काही कडुनिंबही होते. काम वाढत गेलं तशी एकेक करून सगळी तोडली होती आणि कुठे कुठलं होतं याची नोंद कुणाकडे नव्हती. हो म्हटलं असतं तर या जगात मला कुणी खोटं पाडू शकलं नसतं. मी खरं बोलायचं असं ठरवून बोलले नाही. पातेल्यावर अंगठा टेकवून विचारल्यासारखा तो प्रश्न आला आणि तोंडातून उत्तर निघून गेलं.

"पेड़ नहीं था. पेड़ मैंने डाला है."

"क्यों?"

"चेहरा उठून दिसावा म्हणून," मी मराठीतच म्हणाले, आणि मग हिंदीत. पण मी काय म्हणाले याला आता फारसा अर्थ उरला नव्हता. अधिकारी माझ्याकडे रागाने नाही, थोडं वाईट वाटून बघत होता.

"मैडम, एक में आपने अपने मन से डाल दिया," तो म्हणाला, "तो बाकी दस का मैं क्या करूँ? फोटो होती तो बात और थी."

चित्रांवरून काही सिद्ध होत नाही, असं त्याने लिहिलं. दुसरा साक्षीदार नव्हता. आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. म्हातारा युनियनवाला बिडी पेटवायचा प्रयत्न करत होता, काडी पेटत नव्हती. तिचा नवरा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याला राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याला खरोखरच समजत नव्हतं.

"कह देतीं कट गया," तो म्हणाला. "वहाँ तो सब पेड़ कट गए, मैडम. कौन पूछता?"

"झूठ होता," मी म्हटलं.

"वो काम करती थी, ये तो झूठ नहीं था."

म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं फाटकाकडे चालायला लागले. मी तिथेच बाकावर बसले. हातातला चित्रांचा पुठ्ठा कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून तसाच मांडीवर धरून.

मार्केटिंगचे साहेब बाहेर पडताना थांबले. "फील मत कीजिए," ते म्हणाले. "आपने तो सच ही बोला. मंडे को आइएगा, नया टावर शुरू कर रहे हैं."

आणि मी सोमवारी गेले. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. लोकांना सांगताना मी नेहमी म्हणते की त्या प्रकरणानंतर नोकरी सोडली. सोडली, पण चार महिन्यांनी. मुलीचं शाळेचं वर्ष होतं, घरात गरज होती, अशी कारणं होती आणि ती खोटी नव्हती. त्या चार महिन्यांत मी एक क्लबहाउस काढलं, एक पोहण्याचा तलाव काढला आणि संध्याकाळच्या उजेडातला एक अख्खा रस्ता, दोन्ही बाजूंनी फुललेल्या गुलमोहरांचा. ती झाडं काढताना हात अडखळला नाही. मग ऑफिसात कॉम्प्युटर आला, एक मुलगी तेच काम अर्ध्या वेळात करायला लागली, आणि माझं काम आपोआप संपलं.

नवऱ्याने "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. म्हणाला असता तर भांडता आलं असतं. सुनावणीच्या दिवशी रात्री जेवताना तो फक्त म्हणाला, "तू हो म्हणाली असतीस तर मला आवडलं असतं का, याचा मी दुपारपासून विचार करतोय."

"मग?"

"कळत नाही," तो म्हणाला आणि भात वाढून घेतला. कुठला कागद खरा आणि कुठला खोटा हे ज्याला बसल्या जागी कळायचं, त्याच्या तोंडून मी हे पहिल्यांदाच ऐकलं. सरांना मी यातलं काहीच कधी कळवलं नाही. ते गेल्याचं पत्र आलं तेव्हा मला रडू आलं, आणि त्यात थोडी सुटकाही होती.

म्हाताऱ्याने प्रयत्न सोडले नव्हते. फरीदाबादहून माणसं आणून तो फाटकासमोर दोन दिवस बसला. शेवटी ठेकेदाराने काहीतरी देऊन विषय मिटवला. तिच्या नवऱ्याने ज्या कागदावर अंगठा दिला त्यावर लिहिलं होतं की मृत महिला कामगार नव्हती, ही मदत केवळ माणुसकीपोटी देण्यात येत आहे. म्हाताऱ्याने तो कागद मला वाचून दाखवला आणि घडी घालून खिशात ठेवला. "लड़के को गाँव जाना है, बच्ची को देखना है," तो म्हणाला. "मैं ज़्यादा नहीं खींच सकता था."

गावी जायच्या आदल्या दिवशी तिचा नवरा पुन्हा आमच्याकडे आला, एकटाच. मी चित्रं बाहेर काढली. सगळी त्याची आहेत असं म्हटलं. त्याने मान हलवली. एवढे मोठे कागद ठेवणार कुठे, पावसात घर गळतं. मग त्याने विचारलं, "इसका फोटो खिंच सकता है? छोटा वाला?"

आम्ही मार्केटमधल्या फोटो स्टुडिओत गेलो. तिथे लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढायचे. चेहरा स्पष्ट होता तो त्या एकाच चित्रात, म्हणून तेच भिंतीवर लावलं. फोटोग्राफर कॅमेऱ्यातून बघत म्हणाला, "पूरा लूँ?"

"नहीं," तो म्हणाला. "बस मुँह."

फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाले. पोस्टकार्डाएवढ्या तीन प्रती. एक त्याच्यासाठी, एक तिच्या आईसाठी, एक मुलगी मोठी झाल्यावर तिला. मी त्याला सराय काले खाँच्या बस अड्ड्यावर सोडायला गेले. खूप गर्दी होती, गाठोडी, पत्र्याच्या पेट्या, घरी निघालेली माणसं. झाशीची बस लागली तसा त्याने शर्टाच्या खिशावर हात ठेवून फोटो आहेत याची खात्री केली आणि मग मला गावाचं नाव सांगितलं, कुठे उतरायचं, तिथून कुठली जीप मिळते, वाटेत कुठलं देऊळ लागतं.

"कभी आइएगा," तो म्हणाला. "बच्ची को बता देना, माँ कैसी थी. आपने उसे बहुत देखा है."

मी हो म्हटलं. बसच्या तिकिटाच्या मागे मी ते सगळं लिहूनही घेतलं, गावाचं नाव, जीपचा थांबा, देऊळ. त्याला आता खूप वर्षं झाली. ती मुलगी आईच्या वयाची झाली असेल. मी गेले नाही.